आईचा रंग आणि आईचा तळपाय

बोईसरच्या माझ्या पार्लरमध्ये पाय धुण्याची नवी खुर्ची आली, त्या दिवशी मी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. दार लोटून घेतलं आणि किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून आईला बोलावलं. त्या खुर्चीत पहिले पाय तिचे पडावेत, एवढंच मनात होतं. खुर्ची झोकदार होती. पाठीला मऊ गादी, खाली टब, टबातलं पाणी गरम ठेवायची सोय, आणि बटण दाबलं की पाण्याला बुडबुडे यायचे. आमच्या बाजूला अशी खुर्ची दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

आई आली ती हातात सुक्या मासळीची, वाकट्यांची पिशवी घेऊन. खुर्चीकडे बघून म्हणाली, "ही कोनासाठी?"

"तुझ्यासाठी. बस."

"मी काय नवरी हाय? पाय धुवायला रिक्षानं आनलंस मला?"

"बस गं तू."

ती बसली, पण साडी गुडघ्याशी घट्ट धरून. तिच्या पायांना कोणी हात लावलेला तिला आवडत नसे. दिवाळीला आम्ही पाया पडायला वाकलो तरी ती पाय मागे घेऊन आमचं डोकं वरच्या वर धरायची. मी टबासमोरच्या बुटक्या स्टुलावर बसले आणि तिचे दोन्ही पाय पाण्यात सोडले. तिने डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "बरं वाटतंय." माझ्या आईच्या तोंडून स्वतःबद्दल एवढं निघणं म्हणजे पुष्कळ झालं.

आई मासळी सुकवणारी. माझ्या भावाची बोट लागली की बंदरावरून पाट्या उचलायच्या, बोंबील धुवायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोड्या करायच्या आणि बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर टांगायच्या. जवळा असेल तर तो खळ्यावर, वाळवणाच्या मोकळ्या जागेवर, पसरायचा आणि दिवसभर खालीवर करायचा. हे सगळं उघड्यावर. दांडीच्या किनाऱ्यावर दुपारी वाळू अशी तापते की कुत्रीसुद्धा होड्यांच्या सावलीतून हलत नाहीत. आई त्याच वाळूवर लहानपणापासून उभी. आधी दातिवऱ्याला, तिच्या माहेरी, आणि लग्नानंतर दांडीला. किनारा बदलला, ऊन तेच राहिलं.

तिचा रंग काळा आहे. मी मुद्दाम काळाच म्हणते, कारण तिला दुसरं काही म्हटलेलं चालत नाही. मला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईने आईकडे बघून माझ्या मावशीला म्हटलं, "मुलगी आईसारखीच सावळी आहे, पण नाकीडोळी छान." आई चहाचे कप घेऊन येत होती. ती थांबली आणि म्हणाली, "सावळी नाय, काळी हाय. आमी दोघीबी. दिवसाउजेडी आलात, तर नीट बघून जा." ते लोक पुन्हा आले नाहीत. पुढे ज्या घरात माझं लग्न झालं, त्यांच्यासमोरही आई हेच बोलली आणि माझे सासरे मोठ्याने हसले. तेव्हाच मला ते घर आवडलं.

मी पार्लरचं शिकायला निघाले, तेव्हा आईने एकच अट घातली होती. "केस काप, भुवया कर, मेंदी काढ, सगळं कर. पन कोनाला गोरी करायचं काम करू नको. जे आमच्या अंगाला देवानं लावलं, ते तू पुसायला बसू नको." ही अट मी पाळली. माझ्या दुकानात गोरेपणाची क्रीम नाही, ब्लीच नाही. सुरुवातीला बायका दारातूनच परत जात. आता बोईसरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, उत्तरेकडून आलेल्या बायकासुद्धा आपसांत सांगतात, "उधर जाओ, वो दीदी चेहरा खराब नहीं करती." माझ्या पाटीवर लिहिलेल्या कुठल्याही ओळीपेक्षा हे वाक्य मला मोठं वाटतं.

तर त्या दिवशी मी आईचा डावा पाय पाण्यातून उचलून मांडीवरच्या टॉवेलवर घेतला. टाच भेगाळलेली, कातडी जाड, बोटांच्या बेचक्यांत मिठाने पडलेल्या बारीक चिरा. ब्रशने घासत घासत मी टाचेच्या आतल्या बाजूला आले, जिथून पायाची कमान सुरू होते, आणि माझा हात थांबला. तिथे एक डाग होता. चिंचोक्यापेक्षा जरा मोठा. मधोमध मिट्ट काळा, कडेला तपकिरी, आणि एका बाजूला ओल्या कागदावर शाई फुटावी तशी त्याची कड फाकलेली.

"आई, हे काय?"

"काय?"

"इथं, टाचेला."

"ते होय. शिंगाळा माशाचा काटा गेला होता मागं. तवापासून हाय."

"तेव्हापासून एवढाच आहे?"

तिने जरा आठवून बघितलं. "नाय. आधी टिकलीएवढा होता. आता पसरलाय थोडा."

"दुखतं?"

"दुखलं असतं तर बोलले नसते?"

आमच्या कोर्समध्ये बाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. अंगावरचा तीळ किंवा डाग आकार बदलत असेल, रंग बदलत असेल, तर त्याला हात लावायचा नाही. घासायचा नाही, खरवडायचा नाही, गिऱ्हाइकाला सरळ डॉक्टरकडे पाठवायचं. इतकी वर्षं ती गोष्ट मी गिऱ्हाइकांना लागू केली होती. आता गिऱ्हाईक आई होती. मी ब्रश खाली ठेवला, तो पाय नुसत्या पाण्याने धुतला आणि कोरडा केला. उजव्या पायाचं मात्र सगळं रीतसर केलं. आई एका चकचकीत पायाने आणि एका तशाच पायाने खुर्चीतून उतरली. "अर्धंच काम करतेस होय गं?" म्हणून हसली.

संध्याकाळी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते वयस्कर आहेत, तारापूरच्या बाजूची कित्येक घरं त्यांच्याकडेच जातात. त्यांनी बॅटरी लावून डाग बघितला आणि म्हणाले, "काट्याची खूण असेलही. पण मी अंदाजावर सोडणार नाही. पालघरला कातडीच्या डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. लवकर दाखवा."

आईचं म्हणणं, शिमगा झाल्यावर जाऊ. बोंबलाचा हंगाम होता. दोऱ्या भरलेल्या होत्या. वहिनी एकटी कुठे कुठे पुरणार? मी बराच वेळ समजावलं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. तू उद्या येणार नसशील, तर मी उद्या पार्लर बंद ठेवते आणि तुझ्या जागी खळ्यावर येऊन बसते. मग बघू किती बोंबील सडतात."

माझ्या हातची बोंबलाची जोडी कशी सुटून पडते, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "नको बाय, मीच येते."

पालघरच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. बोलायला मऊ, बघायला बारीक. त्यांनी आईचा पाय स्वतःच्या हाताने उचलून उंच स्टुलावर ठेवला आणि दिवा असलेलं एक भिंग डागावर टेकवलं. मग त्यांनी दुसरा पाय बघितला, दोन्ही तळहात बघितले, हातापायांची सगळी नखं एकेक करून बघितली. आई म्हणाली, "एवढं तर लग्नातबी कोनी बघितलं नव्हतं मला."

डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "मावशी, तळपायाच्या कातडीवर बारीक रेघा असतात ना, बोटाच्या ठशासारख्या? साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा त्या रेघांच्या चरांत बसतो. तुमच्या डागाचा रंग उंचवट्यांवर चढलाय. मला ते आवडलं नाही. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवूया."

तुकडा काढला. काही दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा आत येता?" मी उठणार तोच आईने माझा हात धरला. "मला सांगा. पाय माझा हाय."

मग डॉक्टरांनी खुर्ची आईसमोर ओढून घेतली आणि सांगितलं. हा मेलॅनोमा आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. पण डाग अजून वरवर आहे, खोल गेलेला दिसत नाही. शस्त्रक्रियेने आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट तो काढायचा. मुंबईला जावं लागेल. बरं होण्याची आशा चांगली आहे.

आईने पाय साडीखाली घेतला. मला मात्र राग आला होता, आणि तो सगळा उन्हावर. मी म्हणाले, "मॅडम, हिचा जन्म उन्हात गेला. छत्री नाही, टोपी नाही. त्यानेच झालं ना हे? कितीदा सांगितलं होतं मी, डोक्याला काहीतरी बांध म्हणून."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उन्हानं झालेलं नाही हे."

त्यांनी मला आईचा तळपाय पुन्हा दाखवला. "इथं ऊन कधी पोचलं? उन्हात ही जागा वाळूकडे तोंड करून होती. त्यांचा चेहरा बघा, दंड बघा, मान बघा. जिथं इतक्या वर्षांचं ऊन पडलं, तिथं काहीही नाही."

मग त्यांनी जे समजावलं, ते मी आजही माझ्या शब्दांत गिऱ्हाइकांना सांगते. रंग बनवणाऱ्या पेशी सगळ्या माणसांत साधारण सारख्याच असतात, गोऱ्यांत आणि काळ्यांत. फरक असतो तो त्या किती रंग बनवतात आणि कसा, यात. आपल्या कातडीत त्या भरपूर आणि गडद रंग बनवतात, आणि तो रंग आतल्या पेशींवर छत्रीसारखा धरला जातो. ऊन कातडीला जी इजा करतं, तिच्यातली पुष्कळशी ही छत्री अडवते. ज्यांच्या पूर्वजांनी कमी उन्हाच्या थंड मुलखात दिवस काढले, त्यांच्या कातडीवर ही छत्री पातळ असते. तेच लोक कडक उन्हाच्या देशात राहायला गेले की पाठीवर, खांद्यांवर, चेहऱ्यावर, पायांवर हा रोग त्यांना पुष्कळ होतो. आपल्यासारख्यांत तो एकूण फार कमी. पण त्याचा एक प्रकार असा आहे की त्याचं उन्हाशी काही देणंघेणं नाही. तो तळपायाला होतो, तळहाताला होतो, नखाखाली होतो. तो गोऱ्यांनाही होतो आणि काळ्यांनाही. आपल्याकडे जे थोडे रुग्ण सापडतात, त्यांत बरेचसे याच प्रकारचे.

"का होतो, ते अजून नीट कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आपल्याकडे तो उशिरा सापडतो, कारण एक तर सगळे समजतात काळ्या माणसाला हे होतच नाही, आणि दुसरं, स्वतःचा तळपाय बघतं कोण?"

आई इतका वेळ ऐकत होती. तिने विचारलं, "म्हणजे माझ्या रंगानं मला धोका दिला नाय?"

"उलट, मावशी. जन्मभर सांभाळलं तुम्हाला."

"मग ठीक हाय," आई म्हणाली, आणि पदर सावरून उठली. "पाय कापायचा तेवढा कापा. रंगाला नाव नाय ठेवायचं."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. माझ्याही आलं. पण त्या क्षणी मला आईचा जो अभिमान वाटला, तो रडण्यापेक्षा मोठा होता.

माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियात नर्स आहे, समुद्राकाठच्या एका गावात, वृद्धाश्रमात. त्या रात्री तिला व्हिडिओ कॉल लावला. ती आधी रडली. आईने तिला रडू दिलं आणि मग म्हणाली, "झालं? आता तिकडच्या लोकांचं सांग. डॉक्टरीणबाई म्हनाल्या, त्यांना उन्हानं होतं."

बहीण डोळे पुसून सांगू लागली. तिच्याकडच्या आजी-आजोबांना ती रोज आंघोळ घालते. कित्येकांच्या पाठीवर टाक्यांच्या जुन्या खुणा असतात. कोणाच्या कानाची पाळी थोडी काढलेली, कोणाच्या नाकावर दुसरीकडची कातडी लावलेली. तरुणपणी समुद्रावर उघड्या अंगाने फिरले, शेतात राबले, आणि म्हातारपणी एकेक डाग काढत बसावं लागलं. तिथे शाळेत मुलं टोपीशिवाय मैदानात उतरत नाहीत. घराबाहेर पडताना लोक आधी उन्हापासून वाचवणारी क्रीम लावतात आणि मग चप्पल घालतात. डॉक्टरकडे जाऊन अंगभर तीळ तपासून घेणं त्यांना नेहमीचंच. "आणि तिथले जे मूळचे काळे लोक आहेत ना आई, त्या जमिनीचे जुने, त्यांना हे उन्हाचं फार कमी होतं. तुझ्यासारखंच."

आई विचारात पडली. मग म्हणाली, "बिचारी गं ती गोरी मानसं. त्यांच्या रंगानं त्यांना झाकलंच नाय." आणि थोड्या वेळाने, "पन शानी हायत. बघून घेतात सोताला. आमी नाय बघत."

हे वाक्य तिने सहज टाकलं. पुढे त्यातून बरंच काही निघायचं होतं, हे तेव्हा आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

शस्त्रक्रिया मुंबईत झाली. भाऊ बोट किनाऱ्याला लावून सगळे दिवस तिथेच थांबला. टाचेचा तो भाग काढला आणि मांडीची कातडी तिथे बसवली. जांघेतली एक गाठही तपासायला काढली, रोग पुढे सरकलाय का ते बघायला. त्या गाठीचा निकाल यायचा होता, ते दिवस मला आजही आठवायला नको वाटतात. आई मात्र शेजारच्या खाटेवरच्या बाईला सुके बोंबील आधी भिजवून मग कसे परतायचे, ते सांगत होती. त्या बाई शाकाहारी होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्यात चालत नाही, पण तुम्ही सांगता छान."

गाठ साफ निघाली. शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर स्वतः सांगायला आले. आई म्हणाली, "मग मी खळ्यावर कधी जाऊ?" ते म्हणाले, "आजी, आधी पाय जमिनीवर तर टेकवू." कातडी धरेपर्यंत टाचेवर भार द्यायचा नव्हता. दांडीला वाळूत ते जमणार नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे बोईसरला राहिली.

घरात एकटी बसून ती कंटाळायची. म्हणून मी तिला सकाळी पार्लरमध्ये आणून बसवायची, नव्या खुर्चीतच, पाय उशीवर उंच ठेवून. पहिल्या दिवशी माझ्या मनात आलं, गिऱ्हाइकं बिचकतील. झालं उलटंच. बायका विचारायच्या, "मावशी, पायाला काय झालं?" आणि आई सांगायची. लपवाछपवी तिच्या स्वभावातच नाही. कॅन्सर हा शब्द उच्चारताना आमच्याकडे लोक आवाज खाली आणतात. आई तो शब्द बोंबील म्हणावा तसा म्हणायची. सगळं सांगून झालं की शेवटी म्हणायची, "आता तुझी चप्पल काढ. बघू पाय."

आणि बायका काढायच्या! भुवया करायला आलेली बाई भुवया बाजूला ठेवून तळपाय वर करायची. मला हसू यायचं आणि ऊरही भरून यायचा. कारखान्यात पॅकिंगचं काम करणारी एक मुलगी होती. तिच्या अंगठ्याच्या नखात एक उभी तपकिरी रेघ होती. आईने ती बघितली आणि तिला सोडेचना. हिंदी आईला जेमतेम येतं. "डॉक्टर को दिखाव. आज का आज." ती मुलगी घाबरली. मी तिला समजावून पालघरला पाठवलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आपल्यासारख्या रंगाच्या लोकांत नखात अशी रेघ बऱ्याच वेळा साधीच असते, हिचीही साधीच आहे. रुंद व्हायला लागली किंवा कातडीवर उतरली तर यायचं. मुलगी हसत हसत परत आली. मी आईला म्हटलं, "उगाच घाबरवलंस तिला." आई म्हणाली, "घाबरली आनि बघून आली. आता कळलं ना तिला, तिची रेघ बरी हाय म्हनून. मला माझा डाग कधी कळला होता?"

त्याच दिवसांत माकुणसारहून एक मुलगी आली. तिच्या घरची वाडी होती, नारळाची आणि केळीची. महिन्याभरात लग्न. आई-बापांबरोबर वाडीत राबणारी, उन्हाने आणखीच गडद झालेली. तिच्याबरोबर आलेल्या काकू म्हणाल्या, "लग्नापर्यंत हिला जरा उजळ करून द्या. काहीही लावा." माझं नेहमीचं उत्तर तोंडावर आलं होतं, पण त्याआधी खुर्चीतून आई बोलली.

"ताई, हिच्या अंगावर छत्री हाय. ती काढायला सांगताय तुमी?"

काकूंना काही कळेना. मग आईने त्यांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं, तिच्या पद्धतीने. रंग म्हणजे काय, तो कशासाठी असतो, गोऱ्या लोकांच्या पाठीवर टाके कसे पडतात, स्वतःच्या चेहऱ्याला इतक्या वर्षांत काही का झालं नाही. दोन-तीन गोष्टी तिने जरा वाढवूनही सांगितल्या. त्या मी मागाहून नीट करून सांगितल्या. काळी कातडी म्हणजे चिलखत नव्हे, उन्हाने डोळे बिघडतात, अंग भाजतं, तेव्हा डोक्यावर काहीतरी हवंच, हेही सांगितलं. नवरी मुलगी पुढे आली. ती आरशात स्वतःकडे बघत म्हणाली, "मला आहे तशीच तयार करा." लग्नाच्या दिवशी मी माकुणसारला गेले. पिवळं रेशमी लुगडं, मोगरा, आणि तिचा तो गडद, तुकतुकीत चेहरा. माझ्या हातून इतक्या नवऱ्या तयार झाल्या, पण तिच्याइतकी देखणी मला दुसरी आठवत नाही.

कातडी धरली. आई हळूहळू चालू लागली, आधी काठीने, मग नुसतीच, थोडी बाहेरच्या बाजूला कलून. डॉक्टरांनी टाचेखाली मऊ गादीचे खास बूट करून घ्यायला सांगितले. जन्मात बूट न घातलेली माझी आई आता काळे बूट घालून खळ्यावर जाते आणि वाळूत बुटांचे ठसे उठतात, म्हणून गावातली माणसं तिला गमतीने "साहेबीणबाई" म्हणतात. तिला ते आवडतं. पहिल्या दिवशी ती परत खळ्यावर उतरली, तेव्हा मीही गेले होते. बांबूंमधून वारा सुटला होता. आजूबाजूच्या बायकांनी हातातलं काम टाकलं आणि तिच्याभोवती गोळा झाल्या. आईने सगळ्यांकडे बघून विचारलं, "बोंबील कोन वाळवनार?" आणि पाटी पुढे ओढली.

दर काही महिन्यांनी तपासणी असते. पालघरच्या डॉक्टर तिचा पाय, गाठींच्या जागा, अंगावरचा एकूण एक तीळ बघतात. अशाच एका तपासणीला त्यांनी आईला विचारलं, "मावशी, किनाऱ्यावरच्या गावांत बायकांसाठी शिबिर घेतेय. मी सांगते ते बायका ऐकतात आणि विसरतात. तुम्ही येऊन बोलाल?"

"कुठं?"

"पहिलं दातिवऱ्याला."

आईने माझ्याकडे बघितलं. तिचं माहेर. तिथल्या शाळेत ती थोडेच दिवस गेली होती. मासळीच्या कामाला हात हवे होते म्हणून तिला काढून घेतलं होतं. शिबिर त्याच शाळेच्या पटांगणात होतं.

आदल्या दिवशी तिने मला विचारलं, "काय बोलायचं?" मी म्हटलं, "पार्लरमध्ये बोलतेस तेच." तरी सकाळी निघेपर्यंत तिने तेच पुन्हा पुन्हा विचारलं. मांडवात सतरंजीवर बायका बसल्या होत्या, आईच्या वयाच्या, माझ्या वयाच्या, काही तर थेट मासळीच्या कामावरून आलेल्या. डॉक्टरांनी आधी थोडक्यात सांगितलं. मग माईक आईच्या हातात दिला. तिने तो तोंडापासून लांब धरला आणि माईकपेक्षा मोठ्या आवाजात बोलली.

"मी या गावची मुलगी. मला वळखता तुमी. मी काळी हाय, तुमीबी काळ्या हाव. ह्यो रंग चांगला हाय, उन्हाचा मार ह्यानंच खाल्ला आपला. पन तळपायाचा रोग उन्हाचा नाय, आनि तिथं बघनारं कोन नाय. मला तिथंच झालं. माझ्या लेकीनं बघितलं म्हनून मी हितं उभी हाय. तुमच्या लेकी तुमचे पाय बघतात का? नाय. तुमी बघू देतच नाय. मीबी देत नव्हते. आता दाखवा."

एवढं बोलून ती खाली बसली, तिथेच, सगळ्यांच्या समोर. बूट काढला, मोजा काढला आणि तो पाय पुढे केला. मांडीची नितळ कातडी बसवलेली ती टाच, कडेला टाक्यांची रेघ. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने पाय लांब केले. तिच्या मागच्या मुलीने ते उचलून मांडीवर घेतले. मग शेजारणीने, मग तिच्या शेजारणीने. थोड्या वेळात सगळ्या मांडवात कोणीतरी कोणाचा तरी पाय हातात घेऊन बघत होतं, बोटं फाकवत होतं, हसत होतं, "हा तीळ जन्माचा हाय गं" म्हणून सांगत होतं. डॉक्टर भिंग घेऊन रांगेतून फिरत होत्या. दोघींना त्यांनी पालघरला यायला सांगितलं. दोघींचंही पुढे साधंच निघालं.

मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते. एका बाईने मला विचारलं, "त्या बोलल्या त्या तुमच्या कोन?"

"माझी आई," मी म्हणाले. आजवर हे दोन शब्द मी कित्येकदा म्हटले असतील, पण त्या दिवशी ते म्हणताना मान आपोआप ताठ झाली.

अजून तपासण्या चालू आहेत, आणखी काही वर्षं चालतील. डॉक्टर म्हणतात, आत्तापर्यंत सगळं स्वच्छ. आई म्हणते, पुढचं शिबिर दांडीला घ्या, तिथल्या बायका जास्त हट्टी हायत, त्यांना मी बघते.